मणभर कापूस जड की मणभर लोखंड?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'मणभर लोखंड जड की मणभर कापूस जड?' हे कोडे ज्याला लहानपणी कोणी घातले नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. १९५६च्या कायद्यानंतर मण आणि शेर व्यवहारातून हळूहळू गेले, किलोग्रॅम आला. कोड्यातला मण मात्र अजून जागचा हललेला नाही. एखाद्या मुलाने घाईघाईने 'लोखंड' म्हणावे, वर्गाने त्याला हसावे आणि गुरुजींनी 'अरे, मण म्हणजे मणच' असे म्हणून त्याला खाली बसवावे, असा हा ठरलेला खेळ. परंतु व्यवहाराच्या जगात ह्या कोड्याचे एक तिसरेच उत्तर आहे. ते त्या मुलाचेही नाही आणि गुरुजींचेही नाही. मालवाहतुकीच्या गल्ल्यावर मणभर मोकळा कापूस हा मणभर लोखंडापेक्षा चांगला दुप्पट-तिप्पट जड भरतो! म्हणजे तराजू दोघांना सारखेच म्हणतो, पण पावती तसे म्हणत नाही.

ह्या पावतीविषयी मला दोन शब्द लिहायचे आहेत. वार्षिकांकात कविता असाव्यात, प्रवासवर्णने असावीत, तरुणांच्या बेकारीवर एक जळजळीत लेख असावा. खोक्याच्या लांबी-रुंदीवर लेख कशाला, असे काही मित्रांनी विचारलेच. त्यांना माझे उत्तर असे की, बेकारीवरचे लेख आपण पुष्कळ लिहितो. पण चार बायका एकत्र येऊन काही वस्तू करतात आणि त्यांची मजुरी गावाच्या वेशीबाहेर पडण्यापूर्वीच एका खोक्यात कशी जिरते, हे आपण कधी मोजून पाहत नाही. मोजले तर तो अर्थशास्त्राचाच विषय आहे, आणि तोही पुस्तकाबाहेरचा.

माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे पैसे घेण्याच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत: नगावर, वजनावर आणि आकारावर. स्टँडवरचा हमाल नग मोजतो. पोस्टातला कारकून पत्र किंवा पुस्तक तराजूवर ठेवतो. विमानाने माल नेणारा तराजूही पाहतो आणि मोजपट्टीही लावतो, आणि दोहोंतून जे जास्त निघेल त्याचे पैसे घेतो. वरवर पाहता तिघांचे न्याय वेगवेगळे वाटतात. वस्तुतः तिघांच्याही मनात प्रश्न एकच असतो: हा माल वाहताना माझे नेमके काय खर्ची पडते? हमालाची खेप खर्ची पडते, पोस्टमनच्या पिशवीचा भार वाढतो, आणि विमानाच्या पोटातली जागा अडते. ज्याचे जे कमी असेल, तो ते मोजतो.

मोजण्याची रीत बदलली की माणसाचे वागणेही बदलते, हा ह्यातला पहिला धडा. इंग्लंडात १८४०पूर्वी पत्राचे पैसे कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर पडत. दोन कागद असले की दुप्पट. पाकीट घातले तर तेही एक कागद म्हणून धरले जाई. मग लोक काय करीत? एकच कागद आडवा लिहून भरला की तोच फिरवून त्यावर उभे लिहीत! वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होत असेल ते होवो, पैसे मात्र वाचत. रोलंड हिल ह्यांच्या सुधारणेनंतर अर्ध्या औंसाला एक पेनी असा वजनाचा दर आला आणि कागद मोजणे संपले. आपल्याकडे १८५४ साली अंतर न पाहता वजनावर पत्राचा दर देशभर लागू झाला, आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. कार्डाची गंमत अशी की त्याचा आकार सरकारनेच ठरवून टाकला. आकार ठरला म्हणजे वजन ठरले, वजन ठरले म्हणजे दर ठरला; तराजूचे कामच उरले नाही.

अमेरिकेतला किस्सा ह्याहून गमतीचा आहे. तेथे १ जानेवारी १९१३ रोजी पोस्टाने पार्सले नेण्यास सुरुवात केली. युटा राज्यातील व्हर्नल नावाच्या आडगावी १९१६ साली बँकेची इमारत बांधायची होती आणि विटा यायच्या होत्या सॉल्ट लेक सिटीहून. खासगी गाडीभाड्यापेक्षा पोस्टाचे पार्सल स्वस्त पडते, असे बांधणाऱ्याच्या ध्यानात आले. आणि त्याने पन्नास-पन्नास पौंडांच्या पुड्या बांधून सुमारे ८०,००० विटा पोस्टाने मागवल्या! वीट म्हणजे लहान आकार आणि भरपूर वजन. पोस्टाच्या गाड्या ओढणारी जनावरे आणि माणसे टेकीस आली. अखेर एका पाठवणाऱ्याने एका घेणाऱ्याला दिवसाला २०० पौंडांपेक्षा अधिक माल पाठवू नये, असा नियम पोस्टाला करावा लागला. तात्पर्य, दर म्हणजे केवळ किंमत नव्हे. माल कसा बांधावा ह्याची ती एक मूक सूचना असते, आणि चतुर माणूस ती बरोबर वाचतो.

परंतु आकाराची गोष्ट परक्या देशातून शिकावी अशी आपल्यावर वेळ आलेली नाही. कडब्याची गाडी ज्याने पाहिली आहे, त्याला ती आधीच ठाऊक आहे. कडब्याने भरलेला ट्रक रस्त्याने येतो तेव्हा दोन्ही बाजूंनी फुगलेला, वर दोरखंडांनी आवळलेला, मागून पाहिले तर चालता डोंगरच. काट्यावर नेला तर गाडीच्या क्षमतेच्या मानाने वजन किरकोळ. पण वर आणखी एक पेंढी ठेवायला जागा नाही. तोच ट्रक सिमेंटच्या पोत्यांनी भरला तर हौद अर्धा रिकामा दिसतो आणि चाके मात्र दबलेली. आता सांगा, कडबेवाल्याने ट्रकमालकाला किलोवर पैसे दिले तर ट्रकमालकाच्या डिझेलचे काय? म्हणून कडब्याचा सौदा गाडीवर होतो. खेडोपाडीच्या ह्या व्यवहाराला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण तेथे गाडी दोघांच्याही डोळ्यांसमोर उभी असते.

हीच गोष्ट कापसाने वऱ्हाडाला आणि मुंबईला शिकवली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पण मोकळा कापूस म्हणजे बव्हंशी हवा. बोटीच्या तळघरातील जागा मोजून घ्यायची आणि तिच्यात हवा भरून विलायतेस पाठवायची, हे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल? म्हणून कुलाब्याला कापूस दाबून गाठी बांधण्याचे कारखाने चालत. पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली जलंबहून खामगावला फाटा गेला, आणि वाफेवर चालणारे प्रेस वऱ्हाडातच आले. जेथे कापूस विकला जातो तेथेच तो पुरता दाबला, की आगगाडीच्या डब्यातही अधिक मावतो आणि मुंबईला पुन्हा दाबावा लागत नाही. आज आपल्याकडची प्रमाण गाठ १७० किलोंची असते. 'जिनिंग-प्रेसिंग' हा जोडशब्द आपण इतक्या सहज उच्चारतो, की त्यातील दुसरा शब्द हा निव्वळ वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी जन्माला आला आहे, ह्याचा विसरच पडतो. कापूस दाबल्याने त्याचे सूत अधिक चांगले निघत नाही. फक्त भाडे कमी लागते.

आकार लहान करणे हा एक मार्ग. सर्वांचा आकार सारखा करणे हा दुसरा. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा माल्कम मॅक्लीन ह्या ट्रकव्यवसायातील माणसाने हेच केले. सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे जवळजवळ सहा डॉलर लागत; पेटीतून चढवायला सोळा सेंट पुरले. आपल्याकडे न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले ते ह्याच पेट्यांसाठी. पण हिशेब पुरता मांडायचा तर हेही मांडले पाहिजे की, वाचलेले ते पाच-साडेपाच डॉलर हवेतून आलेले नव्हते. ती गोदी कामगारांची मजुरी होती. जगभरच्या जुन्या गोद्यांप्रमाणे मुंबईच्या गोदीतही पेटी आली आणि हात कमी झाले. वाहतूक स्वस्त होते तेव्हा ती कोणाच्या खर्चाने स्वस्त झाली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. तोच प्रश्न मी पुढे आकारमानी वजनाच्या बाबतीत विचारणार आहे.

आता हे आकारमानी वजन म्हणजे काय? रीत सोपी आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला पाच हजारांनी भागायचे. येईल ते 'वजन' किलोंमध्ये. कुरियरवाल्यांचा भाजक बहुधा पाच हजार असतो, विमानाने जाणाऱ्या मोठ्या मालासाठी सहा हजार धरण्याची रीत आहे. तराजूचे वजन आणि हे कागदी वजन ह्यांत जे मोठे असेल त्याचे पैसे. पाच हजाराचा अर्थ असा की, एक घनमीटर जागा अडवणाऱ्याने निदान दोनशे किलोंचे पैसे द्यावेत. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो असते. म्हणजे ज्याचे पार्सल पाण्याच्या एक-पंचमांशापेक्षाही हलके, त्याची गाठ मोजपट्टीशी. जहाजाचे गणित आणखी निराळे. तेथे सुट्या मालाला एक घनमीटर किंवा एक टन, जे अधिक भरेल त्यावर आकार पडतो. जहाजाला भाराचे एवढे वाटत नाही, त्याला जागेचे वाटते. दर मात्र विमानाच्या मानाने पुष्कळच कमी असतो.

पूर्वी हे गणित मुख्यतः विमानापुरते आणि मोठ्या पेट्यांपुरते होते. घरबसल्या खरेदीचे युग आले आणि हलक्या मालाची मोठाली खोकी रस्त्याने धावू लागली. अमेरिकेतील दोन मोठ्या वाहतूक कंपन्या रस्त्याने जाणाऱ्या मालापैकी तीन घनफूट वा त्याहून मोठ्या पार्सलांनाच हा नियम लावीत. २०१५ सालच्या आरंभापासून त्यांनी तो लहानमोठ्या सर्व पार्सलांना लावला. आज आपल्या तालुक्याच्या गावीही हा भाजक येऊन पोचला आहे.

ह्या गणितातली खोच ज्याच्या लक्षात आली नाही त्याचा खिसा हलका झालाच म्हणून समजावे. खोच अशी की, गुणाकार तीन बाजूंचा आहे. तीस सेंटिमीटर बाजूचे चौकोनी खोके घ्या. गुणाकार सत्तावीस हजार, भागिले पाच हजार, म्हणजे ५.४ किलो. आता 'असू दे जरा ऐसपैस' म्हणून प्रत्येक बाजू फक्त पाच सेंटिमीटरने वाढवा. गुणाकार ४२,८७५ होतो आणि वजन ८.६ किलोंच्या घरात जाते. बाजू एक-षष्ठांशाने वाढली, भाडे दीडपटीहून अधिक झाले! आणि बाजू दुप्पट केली तर भाडे आठपट. डोळ्याला खोके थोडेसेच मोठे दिसते. डोळा लांबी पाहतो, पावती घनफळ पाहते.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गल्लीतील बायकांचा एक बचत गट आहे. आई त्यात आहे आणि दोन वर्षे त्यांच्या हिशेबाची वही मी लिहितो. गट दिवाळीला कागदी आकाशकंदील करतो. मागल्या वर्षी बाहेरगावच्या एका दुकानदाराने नमुन्यादाखल बारा कंदील मागवले. प्रत्येक कंदील वीस सेंटिमीटर रुंद, वीस लांब, तीस उंच. सहा-सहाचे दोन थर लावले, साठ बाय चाळीस बाय साठचे खोके झाले. काट्यावर वजन पाच किलो. गावातल्या एका एजंटाने चाळीस रुपये किलोच्या दराने दोनशे रुपये घेतले, पावती दिली, आणि माल गेला. महिनाअखेरीस निरोप आला: आकारमानी वजन एकोणतीस किलो, एकूण आकार अकराशे साठ, उरलेले नऊशे साठ रुपये भरावेत. एका कंदिलामागे बायकांना मजुरी सुटणार होती साठ रुपये; म्हणजे बारांचे सातशे वीस. मजुरी सगळी गेली आणि वर दोनशे चाळीस रुपये गटाच्या शिलकीतून गेले. आईने वही मिटून ठेवली आणि एवढेच म्हणाली, 'म्हणजे आपण हवा पाठवली की रे!'

तिचे बोलणे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा नेमके आहे. गटाने खरोखरच हवा पाठवली होती. त्या खोक्याने एकोणतीस किलोंच्या मालाची जागा अडवली होती, हे खरे. त्या जागेत दुसऱ्या कोणाचा तरी माल जाऊ शकला असता, हेही खरे. म्हणून मी आकारावर भाडे घेण्याच्या विरुद्ध नाही. उलट मला तो नियम योग्य वाटतो. हातभर खोक्यात बोटभर वस्तू घालून उरलेल्या जागेत प्लॅस्टिकच्या हवेच्या पिशव्या कोंबायच्या आणि असे हजारो ट्रक रस्त्यावर धावू द्यायचे, ह्यात डिझेल जळते, पुठ्ठा जातो, आणि शेवटी तो खर्च सर्वांवरच बसतो. जो हवा पाठवतो त्याने हवेचे पैसे भरावेत, हे न्यायाचेच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. तराजू गल्ल्यावर होता, मोजपट्टी नव्हती. दर भिंतीवर होता, भाजक नव्हता. पावतीवर पाच किलो लिहिले होते आणि मागणी एकोणतीस किलोंची आली. कडब्याच्या गाडीत आणि ह्या खोक्यात फरक पडला तो एवढाच. गाडी दोघांनाही दिसत होती. भाजक एकालाच ठाऊक होता. शिवाय ह्या नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जो रोज हजारो पार्सले पाठवतो तो कंपनीशी घासाघीस करून आपला भाजक आणि दर ठरवून घेतो. त्याच्याकडे वस्तूगणिक मापाची खोकी असतात, मोजणारी यंत्रे असतात. जी बाई वर्षातून दोनदा पार्सल पाठवते ती किराणा दुकानातून साबणाचे किंवा बिस्किटांचे रिकामे खोके मागून आणते आणि त्यात आपली वस्तू बसवते. तिच्या वस्तूला खोके नव्हे, खोक्याला वस्तू शोधावी लागते. नियम एकच असला तरी मोठ्याला तो काटकसर शिकवतो आणि धाकट्याकडून दंड वसूल करतो. गोदीतल्या पेटीसारखेच इथेही स्वस्ताई एकीकडे आणि झीज दुसरीकडे जाते.

मग उपाय काय? एक उपाय आमच्या गटाने स्वतःच केला. बांबूच्या काड्या पक्क्या न चिकटवता दोऱ्याने बांधल्या. कंदील मिटला की दोन सेंटिमीटर जाडीचा राहतो आणि घेणाऱ्याने दोरा ओढून गाठ मारली की उभा राहतो. मिटणारे कंदील बाजारात पूर्वीपासून आहेत. गटाने शोध लावला असे नव्हे. पण आता तेच बारा कंदील बत्तीस बाय बावीस बाय सव्वीसच्या खोक्यात बसतात. गुणाकार करून पाहा: पावणेचार किलोंच्याही आत. तराजूवर वजन तेच पाच किलो, म्हणून भाडे दोनशे रुपये. अकराशे साठ कोठे आणि दोनशे कोठे! स्वीडनमधील आयकिया ह्या फर्निचरच्या दुकानाने १९५६च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात विकायला सुरुवात केली आणि पुढे त्याच एका युक्तीवर जगभर व्यापार केला. आपल्या बायकांना ती युक्ती समजावून सांगायला एक वही आणि एक टेप पुरली.

तरीही हा उपाय सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. दोऱ्याने बांधायला वेळ अधिक लागतो. पूर्वी दिवसाला आठ कंदील होत, तेथे सहा होतात. पाच टोकांची मोठी चांदणी मिटतच नाही. मातीचा गणपती मिटवता येत नाही, बांबूची परडी दाबता येत नाही. सुबकपणा आणि घडीदारपणा ह्यांचे नेहमी जमतेच असे नाही. भाजक पाहून वस्तूचे रूप ठरू लागले तर उद्या कोणत्या वस्तू करायच्याच नाहीत तेही तोच ठरवील, ही भीती मला खरी वाटते. म्हणून जे मिटते ते मिटवावे. जे मिटत नाही ते जवळच्या बाजारात विकावे, आणि दूर पाठवायचेच झाले तर भाडे आधी मोजून किमतीत धरावे. हे 'आधी' महत्त्वाचे आहे.

आणखी एक युक्ती अशी की तिचा उपयोग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होईल. दिवाळीच्या आधी अमेरिकेत किंवा इंग्लंडात असलेल्या मुलांना फराळ पाठवण्याची आता रीतच झाली आहे. लाडू वजनाचा असतो आणि चिवडा आकाराचा. चकली तर आकाराचीही असते आणि नाजूकही. तिच्याभोवती चुरगळलेली वर्तमानपत्रे लावावी लागतात, म्हणजे पुन्हा हवाच. समजा, चाळीस बाय तीस बाय तीसचे खोके चकली-चिवड्याने भरले आणि तराजूवर ते साडेतीन किलो भरले. पैसे पडतील ७.२ किलोंचे, आणि पुष्कळ ठिकाणी वरचा अर्धा किलो धरून साडेसातांचे. मग वर्तमानपत्रांच्या बोळ्यांच्या जागी तळाशी साडेतीन किलो मराठी पुस्तके नीट रचून घातली तर? एकूण वजन सात किलो, आणि भाडे पूर्वीइतकेच. पुस्तके फुकट गेली! परदेशी नातवाला मराठी वाचता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या आजीआजोबांनी हे गणित जरूर करून पाहावे. जड आणि हलके एकत्र बांधावे, हे मालवाहतुकीतील जुने शहाणपण आहे.

पुस्तकांची गोष्ट निघालीच आहे म्हणून पोस्टाविषयीही बोलले पाहिजे. पुस्तक हा आकाराने लहान आणि वजनाने भारी माल. त्याला मोजपट्टीचे भय नाही, तराजूचे आहे. म्हणूनच पुस्तकांना वजनाच्या दरात सवलत देणे हे सार्वजनिक पोस्टाचे काम मानले गेले. नोंदणीकृत बुकपोस्टाची जुनी सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांचे धाबे दणाणले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. आरंभीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोंपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा, असे जाहीर झाले. ह्या सेवेचे मी स्वागत करतो. खासगी वाहतूकदाराने आपल्या विमानाचे पोट मोजावे, त्याचा तो धंदा आहे. पोस्टाने मात्र केवळ पोट मोजू नये. एखादे पुस्तक गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या वाचकापर्यंत पोचणे ही पिशवीतल्या जागेहून मोठी गोष्ट आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता माझ्या मागण्या. त्या मोठ्या नाहीत. पहिली, प्रत्येक पार्सलच्या गल्ल्यावर तराजूशेजारी मोजपट्टी असावी आणि भिंतीवर मराठीत, ठळक अक्षरांत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले अमुक, असे लिहिलेले असावे. दुसरी, पावतीवर दोन्ही वजने लिहावीत: तराजूचे आणि आकाराचे; आणि पैसे कोणत्या वजनाचे घेतले तेही. माल गेल्यावर वाढीव मागणी करण्याची वेळच येता कामा नये. ह्यात मी नवे काही मागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेची किंमत आधी कळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेलाच आहे. काट्याची वजने सरकारी शिक्क्याशिवाय चालत नाहीत; मग जो भाजक काट्याहून अधिक पैसे ठरवतो, तो तरी लपून का राहावा? तिसरी, बचत गटांना कर्ज कसे घ्यावे ह्याचे प्रशिक्षण दिले जाते, तसेच माल कसा बांधावा ह्याचेही एक दिवसाचे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी व्हावे. आणि चार-पाच ठरीव मापांची खोकी गटांना एकत्रित घाऊक भावात मिळावीत.

ह्यांपैकी पहिल्या मागणीसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. गावात पार्सल घेणारी सात-आठ दुकाने आहेत. अर्थशास्त्र विभागातील आम्ही काही विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्यावर फलक लिहायचे ठरवले आहे: वर सूत्र, खाली एक सोडवलेले उदाहरण, आणि भाजकाची जागा रिकामी. तेथे दुकानदाराने स्वतःच्या हाताने आकडा भरायचा. जो भरील त्याचे आभार मानू. जो भरणार नाही, त्याच्या गल्ल्यावर आपण माल ठेवण्यापूर्वी त्याला तो तोंडी विचारू. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी परीक्षा संपल्यावर विभागात येऊन भेटावे. शाई आणि पुठ्ठा आमच्याकडे आहे. येताना शिंपीकामाची टेप मात्र घरून आणावी.